ढिगाऱ्याखालून चहा

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते आणि न छापलेला किस्सा जन्मभर डोक्यात ठाण मांडून बसतो, हा माझा पत्रकारितेतला अनुभव. नवऱ्याच्या नोकरीमागे तोक्योला आले तेव्हा वाटलं, चला, किस्से संपले. पण तोक्योतल्याच फुनाबोरी भागात निखिलच्या घरी रविवारी दुपारी सिनेमे बघायला लागलो आणि पुन्हा साठायला लागले.

मंडळी पाचच. पोस्टडॉक निखिल, त्याची बायको केतकी, त्याच्या इन्स्टिट्यूटमधले डॉ. सावंत, माझा नवरा मिलिंद आणि मी. सिनेमे एकाच जुन्या ब्रिटिश विनोदी मालिकेतले, एकूण आठ. एक गवंडी आणि त्याचा मेव्हणा लोकांची घरं दुरुस्त करतात आणि दर भागात शेवटी अख्खं घर कोसळतं. धूळ उडते. सगळं शांत होतं. मग ढिगाऱ्याखालून मेव्हण्याचा आवाज येतो, "जरा चहा मिळेल का?"

पहिल्या भागाला सावंत सर इतके हसले, की खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. तक्रार करायला नव्हे. कुणाला बरं वाटत नाहीये का, हे विचारायला!

दुसरा भाग बघायच्या आधी मार्चमधला तो भूकंप झाला.

* * *

केतकी त्या दिवशी घरी, अकराव्या मजल्यावर, एकटी होती. ट्रेन बंद. निखिल चालत घरी पोचला तोवर अंधार पडला होता. तेव्हापासून ती हसायचीच थांबली. रडायची नाही, कुरकुर करायची नाही. फक्त हसायची नाही.

काही आठवड्यांनी दुसरा भाग लावला. पडद्यावर घर कोसळलं आणि आम्ही चौघं थेट टेबलाखाली! सरांच्या हातात पोह्यांची बशी. एक दाणा सांडला नाही. वर बघतो तर छताचा दिवा स्थिर.

"अहो, त्यांचं घर पडलं, आपलं नाही!" मिलिंद म्हणाला. आम्ही ओशाळून बाहेर आलो. केतकी कुठे दिसेना.

ती दार उघडून उभी होती. बूट घालून.

त्या संध्याकाळी ती पुण्याला परत जायचं म्हणाली, तेव्हा निखिलनं पैज लावली. "आठव्या भागापर्यंत एकदा जरी हसलीस तर इथंच राहायचं. नाहीतर पुण्याचं तिकीट मी स्वतः काढून देतो."

"ठरलं," केतकी म्हणाली. आम्ही हसलो. ती नाही.

* * *

चौथ्या भागाला माझं डोकंच फिरलं. तीच शिडी, तीच रंगाची बादली! म्हातारे झालेले नट प्रत्येक वाक्यानंतर आपल्या हशासाठी थांबतात आणि आमच्या खोलीत फ्रिजची घरघर ऐकू येते.

"ही शुद्ध फसवणूक आहे!" मी म्हटलं. "लोकांच्या आठवणींवर दुकान चालवतायत!"

"सिनेमा तसाच आहे हो, शुभाताई," सर म्हणाले. "आपल्यालाच आता घर पडलं की हसू येत नाही."

"काहीतरीच! लावा पहिला भाग. आत्ताच्या आत्ता!"

लावला. घर पडलं. कुणीच हसलं नाही. सर स्वतः रिमोट शोधायला लागले. ढिगाऱ्याखालून आवाज आला, "जरा चहा मिळेल का?"

आणि स्वयंपाकघरातून केतकी शांतपणे म्हणाली, "देते. थांबा."

ट्रेमध्ये सहा कप होते.

"अगं, आपण पाचच आहोत," निखिल म्हणाला.

"माहितीये. त्यानं मागितला ना."

* * *

सहाव्या भागाला सरांनी सगळ्यांचे फोन बंद करून घेतले. थिएटरची शिस्त म्हणे! घर कोसळायला लागलं, तशी जमिनीतून घरघर आली, खिडक्या थडथडल्या.

"या भागात साउंड मात्र झकास दिलाय हं!" सर म्हणाले.

केतकी म्हणाली, "सर, टीव्ही मी मघाशीच म्यूट केलाय."

* * *

आठव्या भागापर्यंत मेव्हण्याचं काम करणारा नट वारला होता. तरी भाग काढलाच! त्याचा जुना आवाज जोडून. "मेलेल्या माणसाकडूनसुद्धा जोक वसूल करतायत!" मी ओरडले. केतकीची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती आणि निखिल पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

घर कोसळलं. धूळ उडाली. सगळं शांत. आवाजाची वाट बघत सगळे अंधारात पडद्याकडे डोळे लावून बसलो. तो काही येईना.

आणि मग खोलीतच हसू फुटलं. बाईचं. खळखळून, अगदी पोटातून, दम लागेपर्यंत.

निखिल उडालाच. "हसली! केतकी हसली!" सरांनी टाळ्या वाजवल्या. मिलिंदनं दिवा लावला.

केतकी माझ्या शेजारीच बसली होती. चेहरा कोरडा.

"मी नाही हसले," ती म्हणाली.

"ए, आता पलटू नकोस हं! सगळ्यांनी ऐकलंय!"

"मीही ऐकलं."

खोलीत बायका दोनच. सगळे माझ्याकडे वळले.

"मी?" मी म्हटलं. "या भिकार सिनेमाला?"

केतकी उठली. बूट घातले, बॅगेचं हँडल वर ओढलं. निखिल तिच्या मागे धावला. "अगं, पण ठरलं होतं ना आपलं! हसलं तर राहायचं!"

"हो ना," ती म्हणाली. "मग जी हसली, ती राहील."