थांबाकाकांची सही

थांबाकाकांनी उभ्या आयुष्यात कोणाला 'घ्या' म्हणून सांगितलं नाही. पोस्टाची ठेव असो, म्युच्युअल फंड असो की विम्याची पॉलिसी, समोरच्यानं कागद पुढे केला की ते चष्मा कपाळावर चढवायचे, कागद नाकाजवळ धरून वाचायचे, दोन-चार प्रश्न विचारायचे आणि व्यवहारात खोट दिसली तर एकच शब्द बोलायचे, "थांबा." खोट दिसली नाही तर काहीच बोलायचे नाहीत. कागद परत द्यायचे आणि पावसाची नाहीतर गुडघ्याची गोष्ट काढायचे. डहाणूपासून तलासरीपर्यंत लोकांना हे पाठ होतं. काका गप्प बसले म्हणजे व्यवहार चोख, असं समजून माणूस बिनघोर जाऊन सही करायचा.

ते पोस्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. राहायला आशागडला. घराच्या ओटीवर एक बाक होता, तिथे लोक यायचे. तलासरीच्या बाजाराच्या दिवशी ते एका खताच्या दुकानाच्या पडवीत बसायचे, आणि आमच्या वेवजी गावची माणसं तिथे त्यांना गाठायची. मीही अशीच पहिल्यांदा गेले. शाळेत नोकरी लागली होती, पहिला पगार हातात होता, आणि सोबतच्या एका बाईंच्या नवऱ्यानं मला पॉलिसी गळ्यात मारायचं ठरवलं होतं. काका म्हणाले, "थांबा." मला राग आला. माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. मी शिकलेली आहे, मला कळतं, असं काहीतरी मी फणकाऱ्यानं बोलले. त्यांनी शांतपणे विचारलं, "मास्तरीणबाई, दुसऱ्या वर्षी हप्ता चुकला तर तुमचे किती परत मिळतील?" मला सांगता येईना. त्या बाई पुढे वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी मात्र तेव्हापासून काकांची झाले.

फी ते घेत नसत. म्हणायचे, "फी घेतली की माणसाला खूश करावंसं वाटायला लागतं." पण वानवळा यायचाच. वाडीवाले चिकू पाठवायचे, डोंगराकडचे नागलीचं पीठ, वालाच्या शेंगा, नवा तांदूळ. तो नाकारणं म्हणजे माणसाला नाकारणं. आणि टोपली रिकामी परत करायची नाही, म्हणून काकू तिच्यात दोन नारळ टाकायच्या. असल्या धंद्यात आपण कायम तोट्यात आहोत, असं काकू मला हसून सांगायच्या.

मग रस्त्यासाठी जमिनी गेल्या आणि गावात पैसा आला. ज्यांनी भात आणि नागलीपलीकडे काही विकलं नव्हतं, त्यांच्या खात्यात लाखांचे आकडे दिसायला लागले. माझ्या आईला एकवीस लाख मिळाले. वडील नाहीत, भाऊ नाही, आणि उरलेली जमीन म्हणजे घरामागचा एक तुकडा. ते एकवीस लाख म्हणजे तिचं म्हातारपण होतं, दुसरं काही नव्हतं. त्याच सुमारास अच्छाडला, ट्रक उभे राहतात तिथे एका धाब्याच्या मागे, मेहुलभाई नावाच्या माणसानं काचेचं ऑफिस थाटलं. गोड बोलायचा. मराठी, गुजराती, हिंदी, ज्याला जी हवी ती. वीस महिन्यांत पैसे दुप्पट, असं त्याचं म्हणणं होतं. लोक त्याचं पत्रक घेऊन काकांकडे आले आणि काका ज्याला त्याला थांबा म्हणाले. पाच-सहा गिऱ्हाइकं गेल्यावर मेहुलभाईनं मुंबईच्या सरकारी कार्यालयात तक्रार ठोकली, की आशागडचा एक इसम परवान्याशिवाय गुंतवणुकीचा सल्ला देतो.

दोघं अधिकारी आले. एक तरुण बाई आणि तिच्या हाताखालचा माणूस. मी सुट्टी टाकून हजर होते आणि काकांना आधीच बजावलं होतं की काही घेत नाही म्हणून सांगा. बाईंनी विचारलं, लोक तुम्हाला काही देतात का? काकांनी सगळं सांगितलं. गेल्या आठवड्यात आलेल्या पाच किलो तांदळासकट. मी कपाळावर हात मारून घेतला. बाई वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "काका, नियम तुमच्यासारख्यांसाठी केलेला नाही. पण तुमच्यासाठी वेगळाही करता येत नाही." नोंदणी करा, नाहीतर काम बंद ठेवा, लेखी पत्र पाठवतो, असं सांगून त्या गेल्या. नोंदणीला पदवी लागते, परीक्षा लागते. काका जुने मॅट्रिक.

मी त्या नियमाला खूप शिव्या घातल्या. चोर मोकळा आणि साव धरला, असं बोलले. काकांनी मलाच गप्प केलं. "नियम बरोबर आहे," ते म्हणाले. "मला न ओळखणाऱ्यानं काय बघून विश्वास ठेवायचा? माझ्याकडेही कागद नाही आणि मेहुलकडेही नाही. तो बोलतो माझ्यापेक्षा चांगलं."

पत्र आलं ते तीन पानांचं, इंग्रजीत. सही करून परत पाठवायचं होतं. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. शाळा सुटल्यावर मी घाईघाईत गेले होते, शेवटची गाडी गाठायची होती, आणि त्या पत्राचा मला मनस्वी संताप आला होता. पहिलं पान वाचलं, बाकीची चाळली. "यापुढे कोणाला सल्ला द्यायचा नाही, एवढंच आहे," मी म्हणाले. पुढच्या पानांवर काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तेच सगळं आहे काका, सरकारी भाषा. त्यांनी सही केली. त्या दिवसापासून वानवळा बंद, सल्ला बंद. बाजाराला ते येत राहिले, कारण घरात करमेना, पण कोणी कागद पुढे केला की हात मागे घ्यायचे. ऑफिसर काही पडवीत कान लावून बसलेला नाही, असं मी म्हटलं तर म्हणाले, "सही केलीय मी."

आईला मी सांगितलं होतं की काकांनी काम थांबवलं. तिला वाटलं, ते आता फॉर्म भरून देत नाहीत, डोळ्यांमुळे. माझंही लक्ष नव्हतं, मी जास्त खोलात शिरले नाही.

एका बाजाराच्या संध्याकाळी काकांचा फोन आला. ते कधी फोन करत नसत. आवाज कोरडा होता. "तुझी आई आली होती. सोबत मेहुल होता. पत्रक दाखवलं मला. मी काही बोललो नाही. तिनं चेक दिलाय. उद्याची तारीख आहे. मी सल्ला देत नाहीये, मास्तरीणबाई. फक्त कळवतोय." काका काही बोलले नाहीत, याचा आईनं काय अर्थ घेतला असेल हे मला शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. मी त्यांच्यावर ओरडले. माझ्या आईला डोळ्यांदेखत बुडू दिलंत, असं म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

मी शाळेच्या गावाहून तशीच रिक्षा करून वेवजीला आईकडे गेले. आई चुलीपुढे होती, चेहरा आनंदात. म्हटलं, उद्या सकाळी बँकेत जाऊन चेक थांबवायचा. ती ऐकेना. मी सरकारचं पत्र सांगितलं, सही सांगितली, मेहुलची तक्रार सांगितली, आवाज चढवला. काकांना ती दादा म्हणायची. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "दादांना मी तुझ्या आधीपासून ओळखते. मला बुडताना बघून ते कागदासाठी गप्प बसतील होय? नाही बसणार. दादा गप्प होते म्हणजे सगळं बरोबर आहे." तिच्या या बोलण्यापुढे माझं सगळं शिक्षण थिटं पडलं. शेवटी एकाच गोष्टीला कबूल झाली. दादांनी स्वतः तोंडानं सांगितलं तर थांबवीन.

सकाळी बँक उघडायच्या आधी आम्ही तलासरीत पायरीवर उभ्या. काकांना मी पहाटेच निरोप दिला होता, पण ते येतील याची खात्री नव्हती. आधी मेहुलभाई आला, चेक भरायला. आम्हाला बघून समजायचं ते समजला, पण हसून आईला नमस्कार केला, "केम छो बा?" म्हणून विचारलं. मग आशागडकडून येणाऱ्या टमटममधून काका उतरले. धुतलेला सदरा, डोळ्यावर काळा चष्मा. पायऱ्या चढताना गुडघा धरत होते.

आत खिडकीशी आम्ही चौघं. पलीकडे बँकेचा माणूस चेक थांबवायचा अर्ज पुढे ठेवून आईच्या सहीची वाट बघतोय. आई म्हणाली, "दादा, तुम्ही सांगा." मेहुलभाई मध्ये पडला, अगदी मऊ आवाजात. काका, तुम्ही सरकारला लिहून दिलंय ना, दंड किती होतो माहीत आहे का, घर विकावं लागेल. तक्रार त्यानंच केली होती, त्याला सगळं ठाऊक. काकांनी काउंटरची कड घट्ट धरली होती. मी आयुष्यात कोणाला इतकं घाबरलेलं पाहिलं नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि आई त्यांच्याकडे बघत हळूहळू अर्ज परत सारायला लागली.

तेव्हा ते बोलले. बँकेच्या माणसाकडे वळून म्हणाले, "साहेब, तुम्ही साक्षीला आहात. मी नोंदणी नसताना सल्ला देतोय." मग आईकडे वळले. "जनाबाई, या माणसाला एक रुपया देऊ नका. तो परत मिळणार नाही."

आईनं सही केली. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसून रडली, पैशांसाठी नाही, आपण दादांना काय करायला लावलं म्हणून. चार महिन्यांनी अच्छाडच्या त्या काचेला कुलूप लागलं आणि मेहुलभाई कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही. पोलीस येऊन गेले. आमच्या गावातली तीन घरं त्यात बुडाली.

काकांनी मात्र बँकेतून परतल्यावर त्याच दुपारी मुंबईला पत्र लिहिलं. लिहून दिलेलं मी मोडलं आहे, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, साक्षीदार अमुक. रजिस्टर पोस्टानं पाठवलं. मी हातापाया पडले, कोणी विचारायला येणार नाही म्हणाले. ते म्हणाले, "बोलताना लाज नाही वाटली. लपवताना वाटेल."

उत्तर येईना. एक महिना गेला, तीन गेले, सहा गेले. पोस्टमन वळणावर दिसला की काका बाकावरून उठून उभे राहायचे. दंडासाठी घरावर टाच येईल म्हणून त्यांनी कुठली ठेव आधी मोडायची ते काकूंना समजावून ठेवलं. जेवण तुटलं. गेलं की तेच, पत्र आलं का म्हणून विचारायचे. पुढे पुढे मला तिकडे जायचीच भीती वाटायला लागली. आठव्या महिन्यात, सकाळी काका अंघोळीला म्हणून उठले आणि दारातच कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तेरावा झाल्यावर पत्र आलं. जबाबासाठी हजर राहा. काकूंना जमणार नव्हतं, मी गेले. समोर त्याच तरुण बाई होत्या. काका गेल्याचं सांगितल्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी फाइल उघडली आणि विचारलं, त्या दिवशी बँकेत त्यांनी तुमच्या आईकडून काही घेतलं होतं का? मी म्हटलं, चहासुद्धा नाही. "मग त्यांनी काहीच मोडलं नाही," त्या म्हणाल्या. "मोबदला न घेता दिलेला सल्ला यात येतच नाही. त्यांनी सही केलेल्या पत्रातच लिहिलंय, तिसऱ्या पानावर." आणि त्यांनी ते पान माझ्यासमोर फिरवलं. खाली काकांची सही होती. मी ते पान तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

म्हणजे त्यांना गप्प बसायचं कारणच नव्हतं. बाजारातल्या त्या दिवशी नाही, आणि नंतर आठ महिने त्या बाकावर भीत बसायचंही नाही. वानवळा सोडला होता, तेवढं पुरे होतं. गावातल्या त्या तीन घरांनाही ते सांगू शकले असते.

तिथून मी थेट आशागडला गेले. काकू ओटीवर चिकू निवडत होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. खोटं सांगता आलं असतं, माफ केलं म्हणता आलं असतं, पण काकांच्या घरात ते जिभेवर येईना. मी सगळं सांगितलं, शेवटची गाडी आणि न वाचलेलं पान, सगळं.

काकू कितीतरी वेळ चिकू निवडत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते असते तर म्हणाले असते, जाऊ दे, पोर घाईत होती." एक चिकू हातात घेऊन तो परत खाली ठेवला. "मी नाही म्हणत."

याला दोन वर्षं झाली. मी दर रविवारी जाते. काकू चहा करतात, आईची चौकशी करतात, माझ्या शाळेबद्दल विचारतात. 'जाऊ दे' मात्र त्या अजून म्हणालेल्या नाहीत.