चिंबोरी सोडली कोणी?

आमच्या समोरच्या दारात राहणारी उज्वला बिरवाडीच्या एका कारखान्यात पाणी तपासते. अकरा वर्षं झाली. बाटलीवर तारीख-वेळेची चिठ्ठी नसेल तर ती हात लावत नाही, साहेब समोर उभा असला तरी. घरात मात्र तिला विचारून काही झाल्याचं मला आठवत नाही. सोफा नवऱ्याने आणला, पडद्यांचा रंग नणंदेने ठरवला.

तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट, ती टाकी. महाडात, दुसऱ्या मजल्यावर, खाऱ्या पाण्याची साडेतीन फुटी टाकी. मोजून कालवलेलं मीठ, प्रवाळाचे तुकडे, एक समुद्रफूल, त्याच्या आडोशाला नारिंगी क्लाऊनफिशची जोडी आणि एक लाल-पांढरी कोळंबी. दोन वर्षांत एवढीच वस्ती.

"अजून चार टाक की, रिकामी दिसते," मीसुद्धा म्हटलं होतं.

"कोण कोणाला खातं ते आधी बघावं लागतं," ती म्हणाली.

एक देखणा निळा मासा तिने नाकारला, कारण मोठा झाला की तो कोळंबी खातो. दुसरा प्रवाळ कुरतडतो म्हणून गेला. शेवटी एक पसंत पडला. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, बोटाएवढा, गरीब स्वभावाचा. तोही थेट टाकीत नाही. अंगात रोग नाही ना हे कळेपर्यंत, सहा आठवडे, बाथरूममधल्या वेगळ्या काचपेटीत.

"पाहुणा आत आणि मी रांगेत," तिचा नवरा राजेंद्र जिन्यात भेटेल त्याला सांगायचा.

सहाव्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी राजेंद्रचे चुलते जानूकाका दासगावहून आले. खाडीकाठचा माणूस, रिकाम्या हाताने कसा येईल? पिशवीत जिवंत चिंबोरी, खाडीतला मोठा खेकडा, दोन्ही नांग्या दोरीने आवळलेल्या. उज्वला कामावर होती.

साडेपाचला तिचा आवाज ऐकून मी धावले. टाकीतलं पाणी गढूळलेलं. समुद्रफुलाच्या चिंध्या झालेल्या. कोळंबीची नुसती मिशी काचेला चिकटलेली. एक क्लाऊनफिश नाहीच, दुसरा कोपऱ्यात आडवा. मधोमध चिंबोरी बसलेली, तोंड चालूच.

"खाडीचं पाणीही खारंच ना गं," राजेंद्र म्हणाला. "म्हटलं, काकांना ती पाण्यात चालताना दाखवू."

"मला काय दाखवतोस? जन्म गेला माझा यांच्यात," काका म्हणाले. "मी खायाला आणलेली गो!"

"काकांनी बांधून आणली होती." उज्वलाच्या खांद्यावरची पर्सही उतरली नव्हती. "सोडली कोणी?"

"बांधलेली बरी दिसेना..."

"सोडली कोणी, विचारतेय!"

"मी! झालं? मासेच तर आहेत. मुंबईहून दुसरे आणू."

"मासेच तर?" तिला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "या घरात कोण येणार, कोण राहणार, मला कधी विचारलंत? एवढी एक काचेची पेटी होती. तिच्यात कोणाला घ्यायचं ते मी ठरवत होते. सहा सहा आठवडे थांबून! तुम्ही जिन्यात हसत होतात. आणि हिला सोडताना सहा मिनिटं तरी थांबलात?"

"बरं, काढ आता ती."

"मी नाही काढणार. सोडलीत तुम्ही, काढा तुम्हीच."

काका उठायला लागले. "काका, तुम्ही बसा," ती म्हणाली, आणि जमिनीवरची दोरी उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

राजेंद्रने बाही वर केली. हात घातला, काढला, पुन्हा घातला.

"मागून धर, मागून! शेंबड्या पोरालाबी जमतं रे," काका ओरडले.

अंगठा नांगीत सापडलाच. तो किंचाळला. मी कापूस आणायला वळले तर उज्वलाने माझा हात धरला. अखेर चिंबोरी बादलीत पडली आणि बांधायचं काम शेवटी काकांनीच केलं.

तोवर तिने टाकीतलं पाणी बाटलीत भरून वर तारीख-वेळेची चिठ्ठी डकवली होती.

"सगळं उपसून पहिल्यापासून करावं लागणार," ती म्हणाली. "दोन महिने. तोवर तो पाहुणा बाथरूममध्येच राहील."

"अजून दोन महिने?" अंगठा तोंडातून काढून राजेंद्रने विचारलं.

"दोन महिने. आणि दार आपटायचं नाही. तो दचकतो."