बोडीकाठची पांढरी माती

सानगडीच्या आमच्या अंगणवाडीला एका पावसाळ्याच्या तोंडावर ऑइलपेंट मारला. पाऊस लागला, दारं-खिडक्या बंद राहिल्या आणि वास आत कोंडला. लेकरांचे डोळे चुरचुरायला लागले. एका मुलीला तर उलट्या झाल्या. तिची आई आमच्या बचत गटातली. बैठकीत ती म्हणाली, "आपल्या घराले कधी असा वास येत होता का? माती, शेन, गेरू. लेकरू भिंत चाटे, तरी काही होत नव्हतं." बायका हसल्या, पण तिचं बोलणं सगळ्यांच्या मनाला लागलं. दिवाळीच्या आधी नैसर्गिक रंगांची कार्यशाळा घ्यायची आणि अंगणवाडीच्या भिंती खरवडून त्याच रंगांनी पुन्हा रंगवायच्या, असं त्याच बैठकीत ठरलं. मी गटाची सचिव. धावपळ माझ्या वाट्याला आली.

शिकवायला भंडाऱ्याहून एक ताई यायला तयार झाल्या. काय काय लागेल ते त्यांनी फोनवर सांगितलं. गेरू, हळद, पळसाची वाळलेली फुलं, बाभळीचा डिंक, जवसाचं तेल. यातलं बहुतेक कुणा ना कुणाच्या घरी होतंच. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि पांढरी माती हवी, भरपूर. रंगाच्या खाली आधी तिचाच हात द्यावा लागतो. खडूची पावडर विकत मिळते, पण आपल्या भागातली माती मिळाली तर तिच्यासारखं काही नाही."

बैठकीत मी हे सांगितलं, तशी एक म्हातारी माझ्याकडे वळली.

"तुह्या माहेरी तं आहे न, बोडीजवळ! एकोडीकडची माती म्हनजे निव्वळ दूध."

तिला माहीत नव्हतं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ती गोष्ट जुनी झाली होती आणि नवऱ्याशिवाय कुणाला मी ती सांगितली नव्हती. "पाहते," एवढंच म्हणाले.

माझं माहेर एकोडीच्या पलीकडचं लहानसं गाव. गावाला लागून बोडी आहे, म्हणजे धानाला पाणी पुरवणारा लहान तलाव. तिच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, मागच्या अंगाला पांढऱ्या मातीची खदान होती. पावसाळा सरला आणि लवकर येणारा हलका धान पिकायला आला, की गावातल्या बाया-पोरी टोपल्या घेऊन तिकडे जायच्या. ती माती भिजवून तिचा पोतारा भिंतींना फिरवला, की दिवाळीचं घर तयार. वरची माती काढून संपली होती. चांगली माती आत होती, म्हणून वर्षानुवर्षं कोरून कोरून तिथे गुहेसारखी पोकळी झाली होती. वर गवत, झुडपं, माणसांची पायवाट. आत शिरायला अंगानं बारीक माणूस लागायचं.

माझी मोठी बहीण अंगानं बारीक होती. तिला आम्ही बाई म्हणायचो. ती लग्नाच्या वयाला आली होती, मी चौथीत होते आणि भाऊ अजून मायच्या कडेवर होता. त्या दिवशी बाई आत बसून लोखंडी सब्बलीनं माती पाडत होती आणि मी बाहेर टोपल्या धरत होते. ती आतून काहीतरी म्हणाली. मी "काय?" म्हणून वाकले, तेवढ्यात वरचा थर बसला. फार मोठा आवाज झाला नाही. धानाचं पोतं खांद्यावरून खाली टाकावं, तसा आवाज. मग नुसती पांढरी धूळ.

बाया हातांनी उकरायला लागल्या. धानाच्या बांध्यांतून माणसं फावडी घेऊन धावत आली. बाबाही आले. तिला बाहेर काढलं तेव्हा केसांपासून पायांपर्यंत ती पांढरी झाली होती. मायनं तिला अंगणात घेतलं आणि पाणी ओतून ओतून धूत बसली. कानातली माती निघेना. बाकीच्या बाया म्हणत होत्या, "झालं आता, उठ." माय उठेना.

त्या दिवाळीला आमच्या भिंती तशाच राहिल्या. पुढच्या वर्षी बाबांनी साकोलीच्या बाजारातून चुना आणला, पुढे डिस्टेंपर आला, आणि भावानं पक्कं घर बांधल्यावर पिस्ता रंग लागला. पांढरी माती पुन्हा कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आली नाही. माय बोडीच्या पाळीवरून पुन्हा कधी गेली नाही. आमचं शेत पाळीच्या पलीकडे, पाळीवरून गेलं तर जवळ. माय डोक्यावर शिदोरी घेऊन सगळ्या गावाला वळसा घालून जायची. उन्हातही तसंच, चिखलातही तसंच. बाबा गेले, भावाचं लग्न झालं, नातवंडं झाली, तरी तिची वाट तीच राहिली. आणि बाईचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. भावाला तर ती आठवतही नाही.

मी माहेरी गेले ते मायला काही कळू द्यायचं नाही असं ठरवूनच. भावाला बाजूला घेतलं आणि माती दुसरीकडे कुठे मिळेल का, विचारलं. तो म्हणाला, "नाल्याजवळ रस्ता रुंद केला, तेव्हा टेकडी कापली. तिथं उघड्यावरच आहे. पाच-सहा पोती आनून देतो." आम्ही हळू बोलत होतो, पण माय ओसरीवर तांदूळ निवडत होती आणि तिचे कान अजून शाबूत होते.

"कोनती माती?" तिनं विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. अंगणवाडी, लेकरांचे डोळे, ताई, रंग, सगळं.

"कायले पाहिजे तुले थे माती? बाजारात रंग भेटत नाही का?"

"नको असेल तर नाही नेत, माय."

ती सूप बाजूला ठेवून आत गेली. संध्याकाळी वहिनीनं ताट वाढलं तर "भूक नाही" म्हणाली. मला वाटलं, उगीच आले. सकाळच्या बसनं रिकाम्या हातानं परत जावं.

सकाळी मी पिशवी भरत होते तर माय दारात उभी. धुतलेलं लुगडं नेसली होती, पायात चपला होत्या.

"चाल," ती म्हणाली.

"कुठं?"

"तिथंच."

भाऊ म्हणाला, "माय, माती तिथली नाही आनत आपन. नाल्याजवळची आनून राहिलो."

"मले माती नोको. मले थे जागा पाहाची आहे."

मी तिचा हात धरला. पाळीची वाट ती विसरली नव्हती, पण चढावर दम लागत होता. बोडी भरलेली होती, कमळाची पानं काठापर्यंत आली होती. पाळीवर पोचल्यावर ती थांबली आणि पलीकडे पाहू लागली. मीही पाहिलं.

तिथे काहीच नव्हतं. मागे कधीतरी बोडी खोल केली होती. जेसीबीनं काढलेला सगळा गाळ पाळीच्या मागच्या अंगाला टाकून पाळ रुंद केली होती. खदान, तिची पोकळी, वरची पायवाट, सगळं त्याखाली गेलं होतं. सपाट जमीन, तिच्यावर तरोट्याची झुडपं आणि कुणीतरी बांधलेली बकरी.

"कोनत्या बाजूले होती गं?" मायनं विचारलं.

मी बोट दाखवलं, पण माझीच खात्री नव्हती. इथे म्हणावं तर पाळीला वळण होतं, आता ते सरळ झालेलं. तिथे म्हणावं तर मोहाचं झाड होतं, तेही दिसेना. माय झुडपांतून खाली उतरली. दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. वाकून हातानं माती उचलली. काळी होती, बोडीतली. तिनं ती हातावर चोळून पाहिली.

"मी एवढी साल गावाले फिरून गेली," ती म्हणाली. "मले वाटे, थे खदान इथं आहे. उघडी आहे."

मग ती खाली बसली आणि रडायला लागली. बाई गेली त्या दिवशी ती रडली असेल, पण मला आठवतं ते तिचं पाणी ओतणं. हे रडणं मी पहिल्यांदा पाहत होते. मोठ्यानं, तोंड न झाकता. "मीच म्हनलं होतं तिले, जाय, लवकर घेऊन ये," ती म्हणत राहिली. "मीच म्हनलं होतं." मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. गावातल्या सगळ्याच आयांनी आपापल्या पोरींना तसंच म्हटलं होतं. बकरी थोडा वेळ आमच्याकडे पाहून पुन्हा चरायला लागली.

नाल्याजवळची माती भावानं काढून आणली. मायनं आधी एकच विचारलं, "उघड्यावरची आहे न? कोनी आत तं शिरलं नाही?" त्यानं नाही म्हटल्यावर तिनं पोत्यांना हात लावून पाहिला. मग म्हणाली, "मीबी येतो सानगडीले." वहिनीला नवल वाटलं. मायला माझ्याकडे येऊन कितीतरी दिवस झाले होते.

कार्यशाळा समाजमंदिरात झाली. बायका जमल्या, शाळेतल्या पोरीही आल्या. ताईंनी माती पाण्यात कालवून फडक्यानं गाळायला शिकवलं, डिंक भिजवून त्यात मिसळायला शिकवलं. पळसाची फुलं उकळल्यावर पिवळं-केशरी पाणी निघालं तेव्हा सगळ्या भांड्याभोवती गोळा झाल्या. माय कोपऱ्यात खुर्चीवर बसून होती. तिनं कशालाच हात लावला नाही. मला दर थोड्या वेळानं तिच्याकडे पाहावंसं वाटत होतं.

दुपारी सगळ्या अंगणवाडीत गेल्या आणि पहिला पांढरा हात द्यायला लागल्या. एक दहावीतली पोरगी छताजवळची भिंत रंगवायला स्टुलावर चढली. तिच्या केसांवर, गालांवर, पापण्यांवर सगळी माती उडाली. ती हसत हसत खाली उतरली, आणि मी पाहिलं, माय खुर्चीवरून उठून तिच्यापर्यंत पोचली होती. तिनं पदर ओला केला आणि त्या पोरीचं तोंड पुसायला लागली. कपाळ, डोळे, कान.

"राहू द्या न आजी, अजून तं भरनारच आहे," पोरगी म्हणाली.

"भरू दे. मी पुसून देतो."

आणि खरंच ती दिवसभर पुसत राहिली. ज्या पोरीचं तोंड माखेल तिला हाक मारायची, पुसायची आणि सोडायची. पोरींना ती गंमत वाटली. मला तिथे उभं राहवेना. मी मागच्या बाजूला जाऊन बादल्या धूत बसले.

दुसऱ्या दिवशी मी तिला सोडायला गेले. बसमध्ये गर्दी नव्हती. खिडकीबाहेर कापायला आलेला धान होता. तिनं एकाएकी बाईचं नाव घेतलं. म्हणाली, "तिले धान कापाचा लय कंटाळा. पोट दुखते म्हने आन घरी राहे." आणि थोडं हसली. इतक्या वर्षांत ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मी धीर करून विचारलं. आमच्याकडे बाईचा एकही फोटो नाही. आणि मला तिचं तोंड आठवायला गेलं की मातीनं भरलेलंच दिसतं.

"माय, बाई दिसायला कशी होती गं?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. एकोडी मागे गेली तेव्हा म्हणाली, "मलेबी आता दिसत नाही तिचं तोंड. केस आठवते. आवाज येते कधी कधी. तोंड नाही येत."



माय त्यानंतर दोन हिवाळे जगली. शेवटी शेवटी माणसं ओळखेनाशी झाली. भावाला ती आपला भाऊ समजायची, वहिनीला शेजारीण. मी गेले की मला बाईच्या नावानं हाक मारायची, जवळ बसवायची, कानामागून बोट फिरवून पाहायची. "न्हाली का नीट?" विचारायची. पहिल्यांदा मी तिला माझं नाव सांगितलं, तर ती घाबरल्यासारखी झाली. पुढे मी सांगणं सोडलं. तिनं बाईला हाक मारली की मी "ओ" म्हणायचे.