वेळेवर सुटलेली गाडी

मी बाबांना तीनदा म्हटलं होतं, टॅक्सी करू. अमरावतीत घराच्या दारात बसायचं आणि अकोल्यात दवाखान्याच्या दारात उतरायचं. पण अख्खी नोकरी रेल्वेत काढलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. "मले पास हाय," ते म्हणाले. "रेल्वेचा मानूस टॅक्सीनं जाते काय?" माझी चूक एवढीच की मी चौथ्यांदा म्हटलं नाही. त्या दिवसाची आठवण निघाली की अजूनही माझं डोकं तापतं आणि मी उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरायला लागते.

बाबा गार्ड होते. मोठ्या लाइनीवरचे नाही, अचलपूर ते मूर्तिजापूर धावणाऱ्या आमच्या छोट्या गाडीचे. इंग्रजांच्या काळात एका विलायती कंपनीनं कापूस न्यायला अरुंद रूळ टाकले होते. इंग्रज गेले, रूळ कंपनीच्याच नावावर राहिले, आणि गाडी आपली सायकलच्या वेगानं चालत राहिली. आता तीही बंद पडली आहे. त्या गाडीवर बाबांच्या जोडीला वर्षानुवर्षं एकच ड्रायव्हर होता. तो पुढे इंजिनात, बाबा शेवटच्या डब्यात, मध्ये पाच डबे. आम्ही त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचो. त्या काकांच्या घशात गाठ निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. माणूस वाचेल, पण आवाज जाईल, असं त्यांच्या मुलानं सकाळी फोनवर सांगितलं.

मी बाबांच्या कानाला फोन लावून दिला. काकांचा आवाज आधीच बसलेला, बाबांच्या कानात मशीन, दोघांमध्ये नुसती खरखर. बाबांनी फोन माझ्या हातात दिला आणि चपला शोधायला लागले.

"मले त्याले एक गोष्ट इचाराची हाय," ते म्हणाले. "अन् जवाब त्याच्याच तोंडून ऐकाचा हाय. उद्यापासून त्याले बोलता येनार नाई."

काय विचारायचं आहे, ते काही सांगेनात. भेटायची वेळ चार ते सहा. गाडी बडनेऱ्याला पावणेदोनला. हिशोबानं साडेतीनच्या आत अकोला. आम्ही एक वाजताच फलाटावर जाऊन बसलो.

पावणेदोन वाजले, दोन वाजले. मोबाइलवर बघितलं तर गाडी बडनेऱ्याला येऊन गेलेली! मी फलाटावर उभी, डोळे फाडून बघतेय, आणि मोबाइल म्हणतो गाडी गेली. वरच्या भोंग्यातली बाई तीन तीन भाषांत खेद व्यक्त करत होती. तिचा तो गोड आवाज ऐकून मला असं व्हायचं की भोंगा उपटून फेकावा. मग तीच बाई म्हणाली, गाडी या फलाटावर नाही, त्या फलाटावर येईल. लिफ्ट बंद. बाबांचे गुडघे, तो जिना, वर माणसांची ढकलाढकली. एक एक पायरी चढताना ते थांबायचे आणि मनगटावरचं घड्याळ बघायचे. गाडी आली तेव्हा तीन वाजून गेले होते.

"पोहोचतो न आपन?" बाबांनी बसल्या बसल्या विचारलं.

"पोहोचतो, बाबा. आरामात पोहोचतो," मी म्हटलं. माझा स्वतःचा विश्वास नव्हता.

मूर्तिजापूर जवळ आलं आणि गाडी थांबली. स्टेशनात नाही, बाहेर, शेतांच्या मध्ये. पाच मिनिटं झाली, दहा झाली. शेजारून एक मालगाडी गेली. मग एक चकचकीत नवी गाडी सुसाट गेली, काचा बंद, आतली माणसं मोबाइलमध्ये. तिच्या वाऱ्यानं आमच्या खिडकीतून धूळ आत आली. चार वाजले, सव्वाचार झाले. मी उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. समोरच्या बाकावरची दोन माणसं माझ्याकडे बघून हसत होती, त्यांना काय जातंय हसायला.

मी तिसऱ्यांदा दारातून परत आले तर बाबा जागेवर नाहीत. दुसऱ्या दाराकडे धावले. बाबा खाली! खडीवर उभे, एक हात डब्याच्या दांड्यावर, मान वाकडी करून पुढे सिग्नलकडे बघताहेत. गाडी थांबली की गार्डनं खाली उतरायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं. छोट्या गाडीवर रस्ता आडवा आला की गाडी थांबायची, एक जण उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जायची, आणि मग तोच मागे जाऊन फाटक उघडून यायचा. तिकिटंही गार्डच द्यायचे. तिथे उतरणं म्हणजे काम होतं. इथे म्हणजे जीव द्यायचा धंदा.

"बाबा! बह्याड झाले काय तुम्ही? चढा वर!"

"पाह्यतो न काय झालं ते. कोनालेच कायजी नाई."

तेवढ्यात डब्याला हिसका बसला. माय वो! दोन जणांनी त्यांना काखेत धरून वर ओढलं. गाडी दहा पावलं गेली आणि पुन्हा थांबली. मी इतकी चिडले होते की मला रडू येत होतं. बाबा पायाचं खरचटलेलं बघत होते.

समोरच्या दोघांपैकी एकानं त्यांना पाणी दिलं. चांगला माणूस होता, पण बोलका. "आजोबा, आता काय राह्यलं रेल्वेत? आमचे वडील सांगत, इंग्रजाच्या काळात गाडी पाहून घड्याळ लावत लोक. काय ते टायमिंग! इंग्रजाची शिस्त गेली अन् सारं गेलं पहा."

मलाही हे ऐकायला आवडतं. लहानपणी मी बाबांच्या डब्यात बसून कितीदा गेले आहे. संत्र्याच्या पेट्यांचा वास, कोळशाची कणी डोळ्यात जाणं, पथ्रोटच्या स्टेशनात कुणीतरी हमखास आणून दिलेली भाजलेली कणसं. मी त्या माणसाला हो म्हणणार होते.

"कोन सांगते?" बाबा एकदम म्हणाले. "आमची गाडी इंग्रजाचीच होती न. कधीच वेळेवर नोती. लोकाईसाठी थांबे. कोनाची बाई बाळंतपनाले चालली, थांब. कोनाचं गठुडं घरी राह्यलं, थांब. वावरातून कोनी हात केला तरी थांब. मी थांबवो, अन् डायवर माह्या तोंडाकडं पाहून हासे. साऱ्या नोकरीत एकच दिवस गाडी काट्यावर सुटली."

मग त्यांनी माझ्याकडे वळून ते सांगितलं. इतकी वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं कुठे, तर मूर्तिजापूरच्या बाहेर सिग्नलला.

ड्रायव्हरकाकांचे वडील दर्यापूरजवळच्या त्यांच्या गावी शेवटच्या घटका मोजत होते. काकांची बहीण चांदूर बाजारला दिलेली. पुलाचं काम चालू असल्यानं दर्यापूरकडे यष्टी बंद होती. म्हणून निरोप गेला की बहिणीनं यष्टीनं अचलपूरला यावं आणि गाडीत बसावं, भाऊच गाडी घेऊन येणार आहे. काकांनी सकाळीच बाबांना सांगून ठेवलं होतं. बाबा म्हणाले होते, येऊ दे तिले, तोपर्यंत गाडी हालत नाई. पण त्याच दिवशी मोठे साहेब तपासणीला आले. हातात घड्याळ घेऊन बाबांच्या डब्यात येऊन बसले. याच्या आधीच बाबांविरुद्ध तक्रारी गेल्या होत्या, गाडी उशिरा नेतो म्हणून. वेळ झाली. काका इंजिनातून मागे वळून बघत होते.

"मी टेसनाच्या कमानीकडं पाह्यलं," बाबा म्हणाले. "कोनीच नोतं. तिची बस लेट झाली असन. सायेबानं घड्याळ दाखवलं अन् म्या हिरवा झेंडा दाखवला. झेंडा पाह्यला तर डायवर काय करन? त्यानं गाडी हालवली."

काका दर्यापूरला गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती देऊन वडिलांजवळ पोहोचले. बहीण दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेली. तोवर सगळं आटोपलं होतं. तिला बापाचं तोंड दिसलं नाही.

"मग काका काय म्हणाले?"

"काईच नाई. तेच त लागते मले. शिवी देल्ली असती तरी चाललं असतं. अंजनगावले आमी दोघं रोज एका डब्यात जेवो. त्या दिसापासून तो इंजिनातच जेवला. रिटायर होयेपर्यंत. बाकी बोलनं चालनं सारं बराबर. म्या कधी इचारलं नाई अन् तो बोलला नाई." त्यांनी घड्याळ बघितलं. "आता इचारतो. मले माफ केलं काय म्हून. हव म्हनो का नाई म्हनो, त्याच्या तोंडून ऐकतो."

समोरचा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. गाडी निघाली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

मूर्तिजापूरच्या स्टेशनात आमच्या छोट्या लाइनीच्या जागी कमरेएवढं गवत होतं. एरवी बाबा तिकडे बोट करून काहीतरी सांगतात. त्या दिवशी त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. पावणेसहाला आम्ही अकोल्याच्या जवळ आलो, आणि अकोल्याच्या बाहेर गाडी पुन्हा उभी. मी काय सांगू! माझ्या हातात असतं तर उतरून मी ती ढकलत नेली असती. बाबा मात्र आता घड्याळाकडे बघत नव्हते. हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते, आणि ते मला त्याहून असह्य होत होतं.

ऑटो करून दवाखान्यात पोहोचेपर्यंत पावणेसात झाले. दारावरच्या चौकीदारानं हात आडवा घातला. "टाइम संपला. उद्या या."

"उद्या येऊन काय करू, दादा? उद्या त्यांचा आवाज जाणार आहे. पाच मिनिटं सोडा."

"पेशंटजवळ एकच मानूस राह्यते, पासवर. मी सोडलं त माही नोकरी जाईन, ताई."

मी त्याला वाट्टेल ते बोलले. गाडीवरचा, मोबाइलवरचा, भोंग्यातल्या बाईवरचा सगळा राग त्या बिचाऱ्यावर काढला. त्याचं काहीच चुकत नव्हतं. बाबा माझी बाही ओढत होते, "चाल पोरी, जाऊ दे न." तेवढ्यात आतून एक म्हातारी बाई हातात रिकामा थर्मास घेऊन बाहेर आली. हिरवं नऊवारी, गळ्यात दोरीला दवाखान्याचा पास. ती थांबली.

"गार्डभाऊ?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. ही चांदूर बाजारची बहीण.

"गाडी लेट झाली काय?" तिनं विचारलं. बाबांनी मान हलवली. तिनं गळ्यातला पास काढला, त्यांच्या गळ्यात घातला आणि चौकीदाराला म्हणाली, "हे माह्या भावाचे गार्ड हायेत. मी बसतो खाली. आत जाऊ दे यायले."

बाबा गेले. आम्ही दोघी पायऱ्यांजवळच्या बाकावर बसलो. काकांचा मुलगा रक्ताच्या सोयीला गेला होता, असं ती म्हणाली. तिला रात्रभर भावाजवळ बसायचं होतं. मग तिनं मला विचारलं, मुलं काय करतात, जेवलीस का. मी एकेका शब्दात उत्तरं दिली. बाबांच्या वतीनं काहीतरी म्हणावं असं सारखं वाटत होतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. चौकीदारानं घड्याळ बघितलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

बाबा भिंतीला धरत धरत खाली आले. मी उठले. "बोलले काका? काय म्हणाले?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तो म्हने, मले काहून इचारता गार्डसायेब? बाप माहाही होता, पन मी पोहोचलो होतो. राह्यली ती. ती खाली बसली हाय, तिले इचारा."

म्हातारी थर्मासाचं झाकण लावत होती. ते लावून झालं तरी ती फिरवतच राहिली.

"मी कमानीपाशी आली होती, भाऊ," ती म्हणाली. "पयत आली होती. हात केला म्या. तुमी मांगच्या डब्यात उभे होते, माह्याकडंच तोंड करून. इतके वर्सं मी साऱ्यायले सांगतो, गार्डभाऊले दिसलं नसन, दिसलं असतं त थांबवली असती गाडी." तिनं वर बघितलं. "दिसली होती काय मी तुमाले?"

नाही म्हणा, बाबा. मी मनातल्या मनात ओरडत होते. तीच तर म्हणतेय, नाही म्हणून टाका आणि चला घरी.

बाबांनी गळ्यातला पास काढला आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरला.

"दिसली होती, बाई," ते म्हणाले.