कापडाची झोपमोड

"मॅडम, इसको कल काटेंगे," हनीफ मास्टर म्हणाले. जबलपूरच्या आमच्या सलवार-सूट कारखान्यात तीस वर्षांपासून कटिंग त्यांच्याकडे. मी नवी प्रॉडक्शन मॅनेजर. नागपूरची, डिग्रीवाली.

ऑर्डर सूटसोबतच्या लेगिंग्जची होती. ऑरगॅनिक कॉटनचं होजियरी कापड, सहाशे नग, हातात चार दिवस. अन् मास्टरांनी रोल उलगडून कापड टेबलावर नुसतं पसरून ठेवलेलं!

"काहून पसरवलं? काटते क्यों नहीं?"

"सोने दो, मॅडम. थका हुआ है."

माझं डोकंच सणकलं. तडक मालकांकडे गेले. म्हटलं, मास्टर टाइमपास करून राहिले.

"अच्छा? लिखकर दो. हटा देंगे कटिंग से."

दिलं लिहून. वर त्याच दुपारी स्वतः उभी राहून सगळं कापड कापून घेतलं. काय माझी ऐट!

होजियरी कापड स्वेटरसारखं विणलेलं असतं. रोल करताना ते ताणलं जातं, मोकळं झालं की हळूहळू आक्रसतं. म्हणून आधी एक दिवस पसरून ठेवायचं, मग कापायचं. याला रिलॅक्सेशन म्हणतात. परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता. उत्तर बरोबर लिहिलं होतं, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी टेप लावला. एल मोजला, एम निघाला. एम मोजला, एस निघाला. एस कोणाला होणार, देव जाणे.

मास्टरांनी टेप हातात घेतला. "चलो, साइज़ बदल देते हैं," म्हणाले. एलचे एम झाले, एमचे एस. एसमधून लहान मुलींच्या लेगिंग्ज निघाल्या, कापड कचऱ्यात गेलं नाही. एलसाठी नवीन रोल आला, दिवसभर पसरून राहिला. माल एक दिवस उशिरा गेला अन् बायरच्या शिव्या मी खाल्ल्या.

त्याआधीच, मास्टरांना कटिंगवरून हटवायच्या आत, मालकांसमोर उभी राहिले. "सर, त्या तक्रारीत मास्टरांच्या जागी माझं नाव वाचा."

मालकांनी कागद काढून सरळ मास्टरांच्याच हातात दिला. मास्टरांनी चष्मा लावला, शेवटपर्यंत वाचला, घडी घालून मला परत केला.

"लिखाई बढ़िया है आपकी, मॅडम."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तक्रार लिहायची वेळ आली की मी आधी टेप घेऊन मोजून येते. बहुतेकदा लिहावी लागतच नाही.