आळीभर वाटलेला चीक

मी सर्वांत जास्त ऋणी आहे माझ्या आत्याचा. वडिलांची ही थोरली बहीण. लासलगावच्या अलीकडे तिचं गाव. विधवा झाल्यावर तिनं एक संकरित गाय पाळली आणि त्या दुधावर मला नाशिकला पदवीपर्यंत शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. ते सांगायला गेलो, त्या सकाळीच गाय व्याली होती. वासराचं पिऊन झालं होतं. आत्यानं चरवी घेतली आणि चारी सड पार रिकामे करायला बसली.

शेजारची काकू दारातून म्हणाली, "अगं, जरा ठेव की कासेत! पिळून पिळून कातडं काढतीस का काय?"

"पेढे कुणीबी वाटतं. माझा भाचा मास्तर झाला, आख्ख्या आळीत चीक जाईल."

"मग मास्तरालाच बसव पिळायला!"

आम्ही हसलो. नाशिकला इंदिरानगरच्या खोलीत माझ्यासोबत दोघं मित्र राहत होते. मी म्हणालो, "आत्या, त्यांनाही खरवस न्यायचा आहे." ती उठत होती, पुन्हा बसली. संध्याकाळीही तिनं थेंब ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय उठेना. मान कुशीकडे वळवून पडली होती. कान हातात घेतले तर थंडगार. आत्या शेपटी उचलून बघे, पाठीवर पोतं टाके, "ऊठ गं माय" म्हणे. ही गाय गेली असती तर तिच्या हाताशी दुसरं काही नव्हतं.

डॉक्टर मोटारसायकलवर आले. त्यांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली हळूहळू सोडली आणि सांगू लागले. याला दुग्धज्वर म्हणतात, पण अंग तापत नाही, गार पडतं. चिकात कॅल्शियम फार उतरतं. कास एकदम रिकामी केली की ती भरायला पुन्हा रक्तातूनच ओढलं जातं.

"आधी काही पाजत होता?"

"महिनाभर कॅल्शियमची बाटली. ताकद यावी म्हनून," आत्या म्हणाली.

"तिथंच चुकलं. आयतं मिळालं की शरीर हाडांतून काढायचं विसरतं. विण्याआधी मला बोलवायचं, ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं असतं. आणि एवढी पिळली कशाला?"

आत्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. "लेकरू नोकरीला लागलं, म्हनून."

आदल्या रात्री जेवताना मी दोन वाट्या खरवस खाल्ला होता. वर गूळ कमी पडलाय असंही म्हणालो होतो. माझ्या आनंदापायी ते जनावर पडलं होतं, आणि ती बाई मला दोष देत नव्हती, हेच मला सोसवेना.

बाटली संपली तशी गाईनं ढेकर दिला, शेण टाकलं, गुडघ्यांवर जोर दिला. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा उभी राहिली. आत्या तिच्या गळ्याला मिठी मारून रडली.

पण नंतर गाईचं खाणं तुटलं आणि त्या वेतात, म्हणजे पुढं विण्यापर्यंत, दूध निम्म्यावर आलं. एवढं होऊनही त्या दिवशी मी निघताना आत्यानं खरवसाचा डबा पिशवीत घातलाच. खोलीवर दोघांनी बोटं चाटली. मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

शाळेत फळ्यावर जीवनसत्त्वांचा तक्ता काढताना 'ड' पाशी खडू थांबायचा. गाय पुढल्या वेळी गाभण राहिली तेव्हा मी डॉक्टरांना भेटून सगळं विचारून घेतलं आणि आत्याला पत्र टाकलं:

तीर्थस्वरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

गाईचा आठवा सरला असेल. या वेळी आधी कॅल्शियमची बाटली पाजू नकोस. ते व्याल्यावर डॉक्टर देतील. शेवटच्या आठवड्यात ते येऊन ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतील. त्याचे पैसे मी दिले आहेत, तू देऊ नकोस. वार नीट पडावी म्हणून दुसरंही एक देणार आहेत. व्याल्यावर वासराला लगेच पोटभर पाज. मग दोन दिवस कास रिकामी करायची नाही, थोडं थोडंच काढायचं.

यंदा मला चीक नको. आळीतलं कुणी मागायला आलं तर सांग, भाच्यानं बंदी घातली आहे, शिकून शहाणा झालाय. लोक नावं ठेवतील, ती मला ठेवू देत. मागल्या खेपेला तू माझ्यासाठी पुन्हा खाली बसलीस, तेव्हा मी नको म्हणायला हवं होतं. ते आत्ता म्हणतो आहे.

तुझा भाचा.