कुमुदचं दप्तर, माझी पाठ

"वळ गं. पाठ कर इकडे."

वकीलीणबाई मला सांगत होत्या. अंधेरीच्या बाजारात ट्रंका आणि दप्तरांचं एक दुकान होतं, त्याच्या पायरीखाली रस्त्यावर मी उभी होते. पायरी चढायची नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आत गादीवर त्यांची कुमुद बसली होती, हातात लेमनची बाटली घेऊन. दुकानदार एकेक दप्तर माझ्यापुढे टाकायचा. हातात द्यायचा नाही, टाकायचा. मी ते उचलायचं, पाठीला अडकवायचं आणि वळून दाखवायचं. वजन कळावं म्हणून त्यानं आत तराजूची लोखंडी मापं घातली होती. रस्त्यानं जाणारे लोक बघत होते. दप्तर कुमुदला घ्यायचं होतं.

मी अकरा वर्षांची. आम्ही चांभार, मूळचे रत्नागिरीकडचे. जोगेश्वरीच्या अंगाला आमची झोपडी होती आणि माझा बाप बाजाराच्या कोपऱ्यावर किंतानाचं छप्पर बांधून चपला शिवत बसायचा. कुमुद आणि मी एकाच वर्गात. ती पहिल्या बाकावर, मी दाराशी. पुस्तकं मी एका जुन्या पिशवीत न्यायची. पिशवीचा एक कान तुटलेला होता.

वकीलीणबाईंनी बाबांना विचारलं होतं, दप्तर चांगलं कसं ओळखायचं. बाबा म्हणाले, माझ्या पोरीला न्या, तिला कातडं कळतं. हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. मलाही अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी वेणी घट्ट घालून गेले होते.

आणि मला कळत होतंच. दुकानदार चकचकीत लाल दप्तर पुढे करत होता. मी त्याचं झाकण दुमडून दाखवलं, घडीवर रंग तडकला. दुसऱ्याचे पट्टे अरुंद, महिनाभरात खांदा कापतील. तिसऱ्याचा पट्टा नुसता वर शिवलेला, आतून ठिगळ नाही, पहिल्या पावसात उसवणार. मग चौथं मी उचललं. तपकिरी. बुडाला दुहेरी कातडं. टाके बारीक, एका ओळीत, दोरा मेण लावून ओढलेला. पितळी बकलं. मी नाक लावून वास घेतला. हे दप्तर मी कुमुदसाठी निवडलं नाही. माझ्यासाठी निवडलं. पट्ट्याचं भोकसुद्धा माझ्या खांद्याचं बघितलं आणि मग म्हणाले, हे घ्या.

घेतलं त्यांनी. पण कुमुदनं पाठीला लावलं आणि तोंड वाकडं केलं. टोचतंय म्हणाली. नवं कातडं टोचणारच. तेव्हा वकीलीणबाईंना ती कल्पना सुचली. म्हणजे त्यांच्या घरात ती जुनीच होती. वकीलसाहेबांचे नवे बूट आले की आधी आठवडाभर माझा बाप घालायचा. त्याच्या टाचांना फोड येऊन फुटले की बूट मऊ झाले असं समजायचं आणि मग ते साहेबांच्या पायात जायचे. बाबांना त्यात वावगं काही वाटायचं नाही. मलाही तोवर वाटलं नव्हतं.

"तुझा बाप बूट नरम करून देतो ना, तसं तू हे कर," वकीलीणबाई म्हणाल्या. "झालं की कुमुदचं जुनं दप्तर तुला."

कुमुदचं जुनं दप्तर कॅनव्हासचं होतं, एक बक्कल गेलेलं. तरी दप्तर होतं, दोन पट्ट्यांचं. मी मान डोलावली. मला तर आनंद झाला. नवं काही दिवस माझ्या पाठीवर राहणार, मग जुनं कायमचं माझं. त्या रात्री आईला मी किती वेळा सांगितलं असेल.

तीन आठवडे मी ते दप्तर वाहिलं. सकाळी वकीलसाहेबांच्या बंगल्याच्या फाटकाशी जायचं. कुमुदची पुस्तकं आत भरायची, वर तिचा डबा. माझी पिशवी हातात. कुमुद माझ्या पुढे मोकळ्या हातांनी चालायची, कधी चिंचा वेचत, कधी मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून. शाळेच्या दाराशी मी दप्तर उतरवून द्यायचं. संध्याकाळी परत तेच, आणि पुस्तकं बंगल्यावर उतरवून रिकामं दप्तर मी घरी आणायची. घरी बाबा पट्ट्यांना एरंडेल चोळायचे. माझ्या खांद्यांना आई खोबरेल लावायची, कारण कातडी सोलली होती.

आणि एवढं होऊनही मला ते दप्तर हवंच होतं. शाळेच्या वाटेवर एक घर होतं, त्याच्या काचेच्या खिडकीत मी स्वतःला बघून घ्यायची. पाठीवर दप्तर असलेली मुलगी. झकास दिसायची. मग कुमुद पुढून हाक मारायची, चल ना गं, उशीर होतोय, आणि खिडकीतल्या मुलीचं दप्तर कुणाचं आहे ते आठवायचं. मी कुमुदवर जळत होते. तिच्या दोन रिबिनींवर, तिच्या डब्यातल्या तुपाच्या वासावर, पण सगळ्यात जास्त त्या दप्तरावर. तिचा पाय घसरावा, तिची शाईची बाटली फुटावी, तिला ताप यावा असं मला रोज वाटायचं. ताप आला तर दप्तर आणखी चार दिवस माझ्याकडे राहील.

कुमुद वाईट नव्हती. एकदा माझा खांदा बघून म्हणाली, "तुला बरं आहे, तुला सवय आहे." मायेनंच म्हणाली. त्याच दप्तरात नागरिकशास्त्राचं पुस्तक होतं, त्यात छापलं होतं की आता सगळे समान झाले. तेही मीच वाहत होते.

दप्तर लोण्यासारखं मऊ झालं. मी ते परत करायला गेले तेव्हा वकीलीणबाईंनी ते ओसरीच्या कट्ट्यावर ठेवायला लावलं. आधी ओल्या फडक्यानं पुसलं. मग देवघरातून गडू आणला आणि दप्तरावर पाणी शिंपडलं. माझ्यासमोर. लपवूनही नाही. जुनं दप्तर उद्या देते म्हणाल्या. तीन आठवडे माझा घाम त्या कातड्यात मुरला होता, तो काय चार थेंबांनी जाणार होता? माझ्या अंगाची आग आग झाली. पण मी तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी कुमुदनं ते दप्तर घातलं आणि सगळा वर्ग हसला. दप्तर तिच्या पाठीवर वाकडं बसत होतं. डावीकडे लोंबत होतं. कारण साधं होतं. मी रोज उजव्या हातानं पाण्याचा डबा वाहायची. माझा उजवा खांदा खाली आला होता, त्यामुळे सगळं ओझं डाव्या पट्ट्यावर पडलं आणि तो ताणला गेला. पाठीकडचं कातडं माझ्या पाठीचा बाक घेऊन बसलं होतं. कातडं ज्याच्या अंगावर मऊ होतं, त्याच्याच अंगाचं होतं. एवढं बाबांना ठाऊक असायला हवं होतं. पण दप्तरं वाहून मऊ करायला कुणी आजवर दिलीच नव्हती.

मुली कुमुदला वाकडी वाकडी म्हणून चिडवायला लागल्या. ती रडली. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

संध्याकाळी बाबांना आणि मला बंगल्यावर बोलावणं आलं. आम्ही खाली उभे, बाई ओसरीवर. बाबा म्हणाले, पट्ट्याला एक भोक पाडून देतो. बाई म्हणाल्या, नव्या वस्तूला भोकं पाडायची नाहीत.

"तुझ्या पोरीनं बिघडवलंय, तीच नीट करेल. परत घालू दे तिला. आणि या वेळी सरळ चाल म्हणावं."

सरळ चाल. मी.

बाबा हात जोडून होय होय म्हणत होते. दप्तर पुन्हा आमच्या घरात आलं. मी सांगून टाकलं, मी घालणार नाही. आई म्हणाली, अगं जुनं दप्तर हातचं जाईल. बाबांनी दप्तर उचलून कोपऱ्यात ठेवलं. मला वाटलं, सकाळी मारतील.

सकाळी उठले तर बाबा निघून गेले होते, आणि दप्तरही नव्हतं. शाळेला निघाले आणि बाजाराच्या कोपऱ्यावर पोचले तर माझा बाप रस्त्यानं येत होता. पाठीवर कुमुदचं दप्तर. लहान मुलीचं दप्तर ते, त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध मानेखाली अडकलेलं. पट्टे काखेत रुतलेले. हात धड हलत नव्हते. आत दगड भरले होते. तो रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालायचा आणि परत फिरायचा. पानाच्या गादीवरची माणसं खदाखदा हसत होती. एकानं विचारलं, काय रे, पहिलीत नाव घातलंस काय? आणि माझा बापही हसला. त्यांच्याबरोबर हसला. ते हसू बघून माझ्या डोक्यात जे गेलं ते गेलंच.

मी जाऊन पट्टा धरला. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो बाय. तुझे खांदे सोललेत."

म्हणजे माझ्यासाठी. मला घालायला लागू नये म्हणून. मी बकलं सोडली, दगड गटारात ओतले आणि दप्तर घेऊन चालायला लागले. बाबा मागून हाका मारत होते. मी वळले नाही.

बंगल्याचं फाटक उघडलं. पायऱ्या चढले. ओसरी ओलांडली. आत जायची ती माझी पहिलीच वेळ. कुमुद पाटावर बसून पोहे खात होती. मी दप्तर तिच्या ताटाशेजारी ठेवलं. वकीलीणबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, बाहेर हो, आधी बाहेर हो, म्हणायला लागल्या. मी जागची हलले नाही.

"हिचं दप्तर हिच्याच पाठीवर नरम होऊ दे," मी म्हणाले. "माझा बाप घालणार नाही. मीही नाही."

बाई म्हणाल्या, "मग जुनं दप्तर विसर."

"मला जुनं नकोच होतं. मला हेच हवं होतं."

माझ्या तोंडून ते निघून गेलं. कुमुद माझ्याकडे बघत राहिली. बाईंचं तोंड असं झालं, जणू मी काही चोरलंच होतं. मी बाहेर आले, पायऱ्या उतरले, शाळेत गेले.

बंगल्याचं काम बाबांच्या हातून गेलं. बाबा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. आई म्हणाली, आमच्या पोरीला दुसऱ्याचं बघवत नाही. खरं आहे, नव्हतं बघवत. कुमुद पुढे दोन वर्षं ते दप्तर घेऊन वर्गात यायची आणि दोन्ही वर्षं माझ्या पोटात दुखायचं. माझी पिशवी फाटली तेव्हा मी पुस्तकं छातीशी धरून नेली.

हेवा करू नये असं शाळेतल्या बाई वर्गात शिकवायच्या. मी तो सोडला नाही. मनातल्या मनात जळत बसले होते तोवर मी त्यांचं ओझं वाहत होते. तोंडानं सांगितलं, तेव्हा थांबले. त्या दिवसापासून मी कुणाचं उतरलेलं घेतलं नाही, ना दप्तर, ना लुगडं, ना नोकरीत कुणी नको म्हणून टाकलेली खुर्ची. जे नवं आहे, चांगलं आहे, ते मलाही हवं आहे. ते मी मागणार, आणि आत जाऊन मागणार.